पीआर एजन्सी निवडताना त्यांची वरची माणसं आधी बघा, एका प्रादेशिक फर्मच्या लीडरशिप टीमचा सविस्तर रिव्ह्यू

पीआर एजन्सीबद्दल, म्हणजे कंपनीची लोकांमधली आणि मीडियातली प्रतिमा सांभाळणाऱ्या फर्मबद्दल, कोणी लिहिलं की बहुतेक वेळा किती बातम्या लागल्या, किती पेपरात फोटो आला एवढंच असतं. मला मात्र इथे त्यांच्या लीडरशिप टीमबद्दल लिहायचंय, कारण पीआरमध्ये आपण विकत काय घेतो तर वरच्या चार-पाच माणसांची समज आणि त्यांचा वेळ, बाकी प्रेस रिलीज टाइप करून मेल करायला कोणीही मिळतं. मोठ्या नेटवर्क एजन्सीत नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे पिचला, म्हणजे काम मिळवायच्या सादरीकरणाला, सगळे सीनियर येतात, सही झाली की ते दुसऱ्या पिचला जातात आणि आपलं काम नव्याने लागलेल्या मुलामुलींवर पडतं, ती मुलं मेहनती असतात पण अडचणीच्या वेळी निर्णय घ्यायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. म्हणून प्रादेशिक फर्म घ्यायची तर ती मुख्यतः या एका कारणासाठी, की वरची माणसं स्वतः हात घालतात. ती घालत नसतील तर अशा फर्मकडे जायचं कशाला?

आमची कंपनी मध्यम आकाराची, घरगुती वॉटर प्युरिफायर बनवतो आणि डीलरमार्फत विकतो. फर्मचं नाव देत नाहीये, माणसांचीही नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या कोणाच्या नावावर चिकटाव्यात असं मला वाटत नाही.

सुरुवात फाउंडर मॅडमपासून. पहिल्या मीटिंगला त्यांनी स्लाइड फार दाखवल्याच नाहीत, उलट प्रश्न विचारत बसल्या. रिपोर्टरचा फोन आला तर तुमच्याकडे कोण बोलणार, रात्री आला तर कोण उचलणार, बाहेर आली तर त्रास होईल अशी एखादी जुनी तक्रार पडून आहे का, नोकरी सोडून गेलेलं कोणी नाराज आहे का. आमच्या मार्केटिंगवाल्यांना ते जरा खटकलं, पण मला तिथेच फर्म आवडली, कारण ज्याला संकटात आपल्या बाजूने उभं राहायचंय तो हे आधीच विचारणार. दुसरी गोष्ट, कव्हरेजची गॅरंटी द्यायला त्यांनी सरळ नकार दिला. बातमी लावायची की नाही हे एडिटर ठरवतो, एजन्सी नाही, आणि जो 'अमुक इतक्या पेपरात नक्की' असं लिहून देतो तो एकतर जागा विकत घेऊन ती बातमी म्हणून दाखवतोय नाहीतर खोटं बोलतोय. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी प्लीज लक्षात ठेवा, पैसे देऊन छापून आणलेला मजकूर वाचकाला ओळखू येतो आणि एकदा ओळखला की आपल्या खऱ्या बातमीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

नवीन मॉडेल लाँच करायचं होतं तेव्हा आम्हाला वाटलं आता धडाक्यात प्रेस कॉन्फरन्स होणार. मॅडम म्हणाल्या, यात बातमी नाहीये, ही जाहिरात आहे, जाहिरातीचं बजेट वापरा. आणि मग आमच्या सर्व्हिस डिपार्टमेंटच्या लोकांशी बोलून त्यांनी एक वेगळीच गोष्ट काढली, की आमचे टेक्निशियन घरोघरी गेल्यावर पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून नोंदवतात आणि कोणत्या भागात फिल्टर लवकर खराब होतो हे त्या नोंदींवरून दिसतं. ग्राहकांची नावं-पत्ते काढून टाकून ती माहिती रिपोर्टरना दिली आणि ती बातमी बऱ्याच आवृत्त्यांमध्ये लागली, तीही लोकांना उपयोगी म्हणून, आमची म्हणून नाही. क्लायंटला नाही म्हणणारा आणि नाही म्हणून झाल्यावर पर्याय काढून देणारा माणूस वर बसलाय की नाही, माझ्या मते फर्मची खरी परीक्षा हीच.

मीडिया रिलेशन्सचे हेड पूर्वी पेपरमध्ये डेस्कवर होते. पत्रकारितेतून पीआरमध्ये येणं जुनंच आहे, आयव्ही ली हा अमेरिकेतला सुरुवातीचा मोठा पीआरवाला मूळचा पत्रकारच, 1906 मध्ये रेल्वेचा अपघात झाला तेव्हा कंपनीने ते लपवू नये, उलट पत्रकारांना जागेवर न्यावं आणि माहिती स्वतः लिहून द्यावी हे त्याने करून दाखवलं, पहिलं प्रेस रिलीज म्हणून बरेच जण तेच सांगतात. आमच्या या सरांचं कामही त्याच वळणाचं. एकच रिलीज दोनशे पत्त्यांवर ढकलून द्यायचं नाही, आरोग्य बघणाऱ्या रिपोर्टरला वेगळं, बिझनेस बघणाऱ्याला वेगळं, भागातल्या आवृत्तीला तिथले आकडे काढून. संध्याकाळी पानं लागत असताना कोणालाही फोन करायचा नाही. छापायच्या आधी बातमीचा मजकूर दाखवा असं रिपोर्टरला कधीच म्हणायचं नाही, आमच्या एका डायरेक्टरनी तसा आग्रह धरला होता तर सरांनी शांतपणे सांगितलं की हे मी मागणार नाही, मागितलं तर तो रिपोर्टर परत माझा फोन उचलणार नाही. एम्बार्गो म्हणजे ठरलेल्या वेळेआधी बातमी न छापायची अट, ऑफ द रेकॉर्ड म्हणजे छापायचं नाही हे बोलायच्या आधी ठरवायचं असतं, बोलून झाल्यावर म्हणून चालत नाही, हे सगळं त्यांनी आमच्या मॅनेजर लोकांना समोर बसवून शिकवलं. मीडिया ट्रेनिंगमध्ये कॅमेरा लावून सगळ्यात वाईट प्रश्न परत परत विचारायचे, उत्तर लांबलं की थांबवायचे. हा भाग मला सगळ्यात जास्त पैसा वसूल वाटला, आणि प्रादेशिक फर्मचा फायदाही इथेच कळतो, कारण कुठल्या आवृत्तीचं पान कोण बघतं, कोणाला फोन चालतो आणि कोणाला मेसेजच आवडतो हे ज्याला रोजचं माहीत आहे त्याच्याशी बाहेरून आलेली मोठी टीम बरोबरी करू शकत नाही.

आता क्रायसिसचं. एका बॅचमध्ये फिल्टर हाउसिंगच्या सीलिंग रिंगमध्ये दोष निघाला, काही मशिन्समध्ये पाणी फिल्टर न होता पुढे जायची शक्यता होती, आणि एका ग्राहकाने व्हिडिओ टाकला जो बघता बघता पसरला. फर्ममध्ये क्रायसिस बघणाऱ्या डायरेक्टर मॅडम आहेत, बोलायला अगदी मोजक्या, मी त्यांना आधी फारसं ओळखत नव्हतो. त्या आल्या आणि पहिलं काम म्हणजे हेल्पलाइनवर माणसं बसलीत का हे बघितलं, कारण स्टेटमेंटमध्ये नंबर द्यायचा आणि तो कोणी उचलायचा नाही यासारखं वाईट काही नाही. मग होल्डिंग स्टेटमेंट, म्हणजे पूर्ण माहिती हातात येईपर्यंतचं पहिलं निवेदन, अगदी छोटं. काय झालंय, आम्हाला आत्ता काय माहीत आहे, काय अजून तपासतोय, मशीन वापरणाऱ्याने आत्ता काय करायचं आणि पुढची माहिती किती वाजता देणार. आमच्या ड्राफ्टमध्ये 'काही ग्राहकांची गैरसोय' असं लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं, म्हणाल्या लोकांच्या घरात लहान मुलं तेच पाणी पितात, त्याला गैरसोय म्हणू नका. डीलर आणि सर्व्हिसच्या लोकांना प्रेसच्या आधी कळवलं, कारण लोकांचा पहिला फोन त्यांनाच जातो. आमच्या वकिलांचं म्हणणं होतं काहीच बोलू नये, तर त्यांना टाळायचं सोडून मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या आणि प्रत्येक वाक्य दोघांनी मिळून ठरवलं, कायद्याने अडचण होणार नाही आणि माणसाला अर्थही कळेल असं.

1982 मध्ये शिकागोच्या भागात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरलं, सात जण गेले, आणि ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातल्या सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या, नंतर छेडछाड झाली तर दिसेल अशा पॅकिंगमध्ये औषध परत आणलं. पीआरच्या प्रत्येक कोर्समध्ये हे शिकवतात, पण माझ्या मते त्यातून घ्यायचं ते हे की निर्णय आधी झाला आणि शब्द नंतर आले. आमच्या मॅडमनीही एमडींना पहिला प्रश्न हाच विचारला, बॅच परत घेताय की नाही ते आधी सांगा, मग मी लिहिते. पीआरवाला हा प्रश्न मालकाला विचारू शकतो का, आणि मालक त्याचं ऐकून घेतो का, हे त्याच्या पदावर आणि वजनावर ठरतं, ज्युनियर एक्झिक्युटिव्ह हे विचारूच शकत नाही. बॅच परत घेतली, खर्च झाला, दोन-तीन कडक बातम्या आल्या त्या यायलाच हव्या होत्या, पण डीलर टिकले.

आता तक्रारी.

डिजिटल हेड मला पटले नाहीत. फॉलोअर, व्ह्यूज, रीच यांचे आकडे खूप, पण त्यातून काय बदललं हे विचारलं की उत्तर गोल गोल. इन्फ्लुएन्सरची यादी आणली त्यात पाण्याबद्दल काही समजणारं फारसं कोणी नव्हतं, आणि पैसे घेतले असतील तर पोस्टवर तसं स्पष्ट लिहायला हवं हे आम्हाला आठवण करून द्यावं लागलं, जे खरंतर त्यांनी आम्हाला सांगायला हवं होतं. व्हिडिओ पसरला तेव्हाही डिजिटल टीमला जाग उशिरा आली, कमेंटना उत्तरं कोण देणार यावर वेळ गेला, क्रायसिस मॅडमनी शेवटी स्वतःच दोन जण बसवले.

रिपोर्टिंगही जुनं. महिन्याच्या रिपोर्टमध्ये एव्हीई, म्हणजे बातमीला मिळालेली जागा जाहिरातीच्या दराने मोजून 'इतक्या रुपयांचं कव्हरेज' दाखवायचं. ही पद्धत चुकीची आहे हे या धंद्यातल्याच लोकांनी 2010 मध्ये बार्सिलोना प्रिन्सिपल्समध्ये स्पष्ट मांडलंय, कारण आपल्यावर टीका करणारी अर्ध्या पानाची बातमी त्या हिशोबाने फायद्यात दिसते. आम्ही विषय काढल्यावर बदललं, आता लोकांनी हेल्पलाइनला काय विचारलं, डीलरकडे काय बोललं गेलं, बातमीत आमचा मुख्य मुद्दा आला की नाही असं येतं. छान आहे, पण फाउंडर मॅडमसारख्या बाईंनी हे स्वतःहून आधीच बंद करायला हवं होतं, त्यांच्याकडून माझी तेवढी अपेक्षा आहे.

सगळ्यात मोठी काळजी दुसऱ्या फळीची. आमचं अकाउंट बघणाऱ्या अकाउंट डायरेक्टर मधेच नोकरी सोडून गेल्या आणि हँडओव्हर नीट झालंच नाही, कोणत्या रिपोर्टरला काय कबूल केलंय ते आम्हालाच सांगावं लागलं. एरवी बिल वगैरे बघणारे फायनान्सचे डायरेक्टर एकदम व्यवस्थित, रिटेनरमध्ये, म्हणजे दरमहाच्या ठरलेल्या फीमध्ये, काय येतं आणि काय जादा ते आधी लिहून देतात, त्यात कधी वाद झाला नाही. पण फाउंडर मॅडम लांब सुट्टीवर गेल्या तर ही फर्म कोण चालवणार याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि प्रादेशिक फर्म घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारावा.

आपल्या भागाबाहेर काम असेल तर ते पार्टनर एजन्सीकडून करून घेतात. ही पद्धत चुकीची नाही, स्वतंत्र एजन्सींची अशी नेटवर्क जगभर आहेत, वर्ल्डकॉम तर 1988 पासून आहे. पण आमच्या बाबतीत एका ठिकाणी काम छान झालं आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं भाषांतर करून रिलीज पाठवून दिलं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची. आमच्याच स्पर्धक कंपनीने त्यांना विचारलं तेव्हा फाउंडर मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं आणि ते काम घेतलं नाही. क्लायंट कोण घ्यायचा हे वरच्या टीमचं चारित्र्य असतं, बेल पॉटिंजर ही लंडनची केवढी मोठी फर्म, दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणाऱ्या कॅम्पेनमुळे 2017 मध्ये ब्रिटनमधल्या पीआर संघटनेने तिला काढून टाकलं आणि त्याच महिन्यात फर्म बुडाली. म्हणून पिचच्या वेळी हे विचाराच, कोणाला नकार दिलात आणि का. नाव सांगणार नाहीत, सांगूही नये, पण कारण सांगताना माणूस कळतो.

ज्यांना देशभरातल्या बिझनेस चॅनेलवर रोज दिसायचंय किंवा ज्यांचं सगळं काम सोशल मीडियावर आहे त्यांनी ही फर्म घेऊ नये. ज्यांचे ग्राहक एका भागात आहेत, ज्यांच्या मालाचा लोकांच्या तब्येतीशी संबंध आहे, त्यांनी जरूर विचार करावा. आम्ही करार रिन्यू केलाय, फक्त या वेळी त्यात मीडिया हेड आणि क्रायसिस डायरेक्टर यांची नावं घातली आहेत, त्यांनी महिन्याला किती वेळ द्यायचा ते लिहिलंय, त्यांच्यापैकी कोणी सोडून गेलं तर आम्हाला नोटीस देऊन बाहेर पडता येईल आणि हँडओव्हरची मीटिंग आमच्यासमोर होईल हेही लिहून घेतलंय, आणि डिजिटलचं काम त्यांच्याकडून काढून दुसरीकडे दिलंय.