35 एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला सेकंडहँड मल्टिक्रॉप थ्रेशर: घेताना आधी पुली बघा

इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, महू या पट्ट्यात महिंद्रा बी-275 सारखे 35 एचपीचे जुने ट्रॅक्टर अजून नीट काम देतात. अशा ट्रॅक्टरमागे तीन फुटांच्या आसपास लांबीच्या ड्रमचा जुना मल्टिक्रॉप (अनेक पिकं काढणारा) थ्रेशर आम्ही बेलाशक घ्यायला सांगू. मोठा हडंबा थ्रेशर मात्र स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्याचा जड ड्रम फिरवताना इंजिन दबतं, पीटीओचे (यंत्राला ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या शाफ्टचे) फेरे कमी होतात आणि धान्यात काड्या येऊ लागतात.

गहू, हरभरा कुठलाही धड थ्रेशर काढून देतो. माळव्यात यंत्राची खरी परीक्षा सोयाबीनवर होते, त्यातही दाणा बियाण्यासाठी ठेवायचा असेल तर जास्तच. 60 सेंमी व्यासाचा ड्रम मिनिटाला 800 फेरे फिरला की त्यावरच्या दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 25 मीटर होतो. गव्हाला तो चालतो. सोयाबीनला त्याच्या निम्मा हवा, म्हणजे 400 फेरे. सोयाबीनचं साल पातळ असतं आणि अंकुर सालाच्या लगेच खाली असतो. जोराचा फटका बसला की दाणा वरून शाबूत दिसतो, पण पेरल्यावर उगवत नाही.

इथे बहुतेक जण ट्रॅक्टरची रेस कमी करतात, आणि तिथेच चुकतं. ड्रम मंदावतो, पण पंखा आणि चाळणीही मंदावतात. मग टरफलं उडत नाहीत, चाळणी तुंबते आणि तोच माल दुसऱ्यांदा यंत्रात घालावा लागतो. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवरच ठेवायचा आणि ड्रमची पुली बदलायची. हिशेब सोपा आहे: 540 ला चालवणाऱ्या पुलीच्या व्यासाने गुणा आणि ड्रमच्या पुलीच्या व्यासाने भागा. 10 इंची पुलीवरून 13.5 इंचीवर बेल्ट घेतला की 400 फेरे मिळतात. 15 वरून 10 वर घेतला की 810.

म्हणून सौद्याआधी खाली वाकून बघा, पंख्याचा बेल्ट कुठून निघतो. मुख्य शाफ्टवरून निघत असेल तर उत्तम. ड्रमच्या शाफ्टवरून निघत असेल तर ड्रमबरोबर पंख्याचीही पुली बदलावी लागेल, तो खर्च किमतीतून कापून घ्या. गहू आणि सोयाबीन, दोन्ही पिकांच्या पुल्या आणि ड्रमखालच्या जाळ्या विकणाऱ्याकडे आहेत का, हेही विचारा. गव्हाची बारीक जाळी भुसा करायला काडी अडवून धरते. तीच सोयाबीनला ठेवली तर दाणा आत फिरत राहतो आणि डाळ होते.

पुलीच्या खाचेत बोट घाला. बेल्ट खाचेच्या दोन्ही बाजूंना धरून चालतो, तळाला टेकत नाही. तळ आरशासारखा चकाकत असेल तर खाच झिजली आहे, बेल्ट घसरणार. नवा बेल्ट टाकून हे दुखणं जात नाही, पुलीच बदलावी लागते. बेल्ट, बेअरिंग इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतात. त्यांची काळजी नको.

बेल्ट उतरवून ड्रम हाताने फिरवा आणि सोडा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर तोल गेलाय. बहुधा तुटलेला एखादाच दात बदललेला असतो. दात बदलायचा तर समोरचाही बदलावा, दोघांचं वजन सारखं ठेवून. असंच चालवलं तर बेअरिंग पुन्हा पुन्हा जातात आणि मग शाफ्टलाच तडा जातो.

माल घालायच्या तोंडाबाबत मात्र आम्ही तडजोड करणार नाही. तिथली पन्हळ किमान 90 सेंमी लांब आणि तिचा ड्रमकडचा 45 सेंमी भाग वरून झाकलेला हवा. जुन्या यंत्रांत हे झाकण भराभर माल घालता यावा म्हणून कापून टाकलेलं असतं. हात जातात ते तिथेच. पदर किंवा गमछा अडकला तर माणूस ओढला जातो. झाकण नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेतल्याशिवाय यंत्र खळ्यावर नेऊ नका. पीटीओ शाफ्टवरच्या गार्डचंही तेच.

शेवटी चाचणी. विकणाऱ्याकडे सोयाबीनच्या चार पेंढ्या घेऊन जा, ओलावा 13-14 टक्के असलेल्या. जुन्या ट्रॅक्टरचा मीटर बंदच असतो, त्यामुळे फेरे मोजणारा लेझर टॅकोमीटर बरोबर ठेवा. पीटीओ 540 आणि ड्रम 400 दाखवतो का, ते यंत्र भरलेलं असताना बघा, रिकामं असताना नाही. निघालेल्या मालातले 100 अख्खे दाणे मोजून पाण्यात टाका. साल फुटलेले दाणे पाच-दहा मिनिटांत फुगून मोठे दिसतात. ते दहाच्या वर निघाले तर पुली बदलून पुन्हा चालवायला सांगा, आणि तरीही तेवढेच निघाले तर पैसे खिशातच राहू द्या.