आई एकट्या असतात: घड्याळ घ्यावं की रडार सेन्सर?

ताई, अ‍ॅपल वॉचमधे २०१८च्या सिरीज ४ पासून पडणं ओळखायची सोय आहे, जोरात पडल्यावर मिनिटभर हालचाल नाही झाली तर ते स्वतःच इमर्जन्सीला फोन लावतं, बाहेर फिरतानाही, फक्त आयफोन जवळ हवा किंवा घड्याळात स्वतःचं मोबाईल नेटवर्क हवं. पण रोज चार्जिंग कोण करणार? शिवाय आंघोळीला जाताना म्हातारी माणसं आधी घड्याळच काढून ठेवतात, आणि पडतात नेमकी तिथेच! रडार सेन्सर भिंतीवर असतो, रेडिओ लहरींनी माणूस पडलेलं ओळखतो, फोटो काढत नाही म्हणून बाथरूममधे चालतो, लाईट-वायफाय गेलं की मात्र बोंब. हळूच घसरून बसल्या तर दोन्ही चुकू शकतात. खर्च म्हणाल तर घड्याळासोबत आयफोन लागतो, सेन्सर खोलीगणिक. फिरायला जाणाऱ्या आईंना घड्याळ, घरातच असणाऱ्या विसरभोळ्यांना सेन्सर, पहिला बाथरूममधे. आणि काहीही घ्या, एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा.