कोलिब्री: काही महिने वापरल्यानंतर

घरी इंटरनेट नाही, फोन असला तर तो आईवडिलांसोबत कामावर जातो, अशा मुलांच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात आम्ही कोलिब्री वापरतो. इंटरनेटशिवाय व्हिडिओ, धडे आणि सराव देणारं, ‘लर्निंग इक्वॅलिटी’ या संस्थेचं हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. खान अकॅडमीचे व्हिडिओ इंटरनेटशिवाय दाखवणाऱ्या, २०१२ साली आलेल्या त्यांच्याच ‘केए लाइट’नंतरची पायरी.

मांडणी सोपी आहे. एका जुन्या लॅपटॉपवर ते टाकलं, इंटरनेट असलेल्या ठिकाणी हवी ती चॅनेल, म्हणजे धड्यांचे संच, उतरवून घेतली. वर्गात साधा राउटर लावला की मुलं टॅबलेटच्या ब्राउझरमधून त्या लॅपटॉपला जोडली जातात, इंटरनेट लागतच नाही. व्हिडिओ मात्र भरपूर जागा खातात, तेव्हा निवडूनच घ्या.

व्हिडिओंचं कौतुक आठवडाभर टिकलं. खरा उपयोग झाला तो शिक्षकाच्या पानाचा. कोण कुठे अडलंय, क्विझमध्ये कुठला प्रश्न बहुतेकांना जड गेला, हे तिथे दिसतं. अपूर्णांकांच्या बेरजेत बरीच मुलं १/२ आणि १/३ मिळवून २/५ लिहीत होती. वहीत मी तेवढी फुली मारली असती. इथे त्यांच्या आधीच्या सरावाच्या नोंदी उघडल्या, तर सममूल्य अपूर्णांकच कच्चे निघाले. त्या मुलांचा वेगळा गट केला आणि दोन इयत्ता खालचा पाठ दिला. सातवीच्या मुलाला सगळ्यांसमोर पाचवीचं पुस्तक हातात दिलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. टॅबलेटवर काय चाललंय ते शेजाऱ्यालाही कळत नाही.

पेरूमध्ये मुलांना लॅपटॉप वाटण्याच्या मोठ्या कार्यक्रमाचं मूल्यमापन २०१२ साली प्रसिद्ध झालं. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडल्याचा पुरावा त्यात मिळाला नव्हता. मला त्याचं आता नवल वाटत नाही. नोंदी बघून दुसऱ्या दिवशीचा पाठ बदलणारं माणूस नसेल, तर हेही फक्त व्हिडिओंचं कपाट आहे.

खटकलेलं एक: टॅबलेट कमी, म्हणून दोघं मिळून सोडवतात, आणि नोंद ज्याच्या नावाने लॉगिन केलंय त्याच्या एकट्याच्या खात्यावर चढते. हुशार मुलाशेजारी बसलेलं मूल कागदोपत्री कुठेच नसतं, किंवा फुकटात पुढे गेलेलं असतं. आम्ही आता व्हिडिओ जोडीने बघू देतो. सराव पाळीपाळीने, ज्याच्या त्याच्या नावाने. वेळ जास्त जातो. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांत ठोकताळे चालतातच, तेव्हा आकडेमोड वहीत दाखवायला लावा. आणि नोंदींची प्रत अधूनमधून पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, सगळं एकाच लॅपटॉपवर असतं.