ट्रॉल्या झाल्या, मिक्सर अजून बाहेरच: आमच्या नव्या किचनचा सात महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

गणपतीच्या आधी देतो म्हणून सांगितलेलं किचन घटस्थापनेच्या दोन दिवस आधी हातात आलं, त्याला आता सात महिने झाले, म्हणजे लिहायला हरकत नाही. दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण कपाटाचं एक शटर, म्हणजे दार, अजून बदलून मिळायचंय आणि माणूस तसा वाईट नाही, फक्त त्याचा उद्या आपल्या उद्यापेक्षा बराच मोठा असतो.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो, किचन 8 फूट बाय 7 फूट, एल आकाराचा ओटा, खाली आधी कडप्प्याचे कप्पे आणि त्यात बिल्डरने बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या ट्रॉल्या, ज्या ओढल्या की अर्ध्या रूळ सोडून हातात यायच्या. घरात मी, नवरा, सासूबाई आणि एक आठवीतला मुलगा ज्याला दर दोन तासांनी सँडविच लागतं. ट्रॉल्या बदलायच्या असं चार वर्षं चाललं होतं पण खरं कारण भांडी नव्हतीच, खरं कारण ही यंत्रं. मिक्सर, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, केटल, सँडविच टोस्टर, नवऱ्याच्या ऑफिसने दिवाळीला दिलेला एअर फ्रायर, हँड ब्लेंडर, इंडक्शन, सासूबाईंचा इडली-डोशाचा टेबलटॉप ग्राइंडर, आणि या सगळ्यांच्या वायरी. ओट्यावर पोळ्या लाटायला पोळपाटाएवढी जागा उरायची बस.

तर तीन ठिकाणी कोटेशन घेतलं, टिंबर मार्केटला पण चक्कर मारून प्लायचे भाव बघितले, आणि शेवटी घराजवळच्याला काम दिलं, म्हटलं काही बिघडलं तर चालत जाऊन भांडता येईल. (गेले. तीनदा.)

त्याने किचनचं कॉम्प्युटरवरचं थ्रीडी चित्र दाखवलं. सुंदर. ओट्यावर एक काचेचा बाऊल आणि त्यात पाच हिरवी सफरचंदं, बाजूला फुलदाणी, बाकी ओटा चकाचक मोकळा. मी विचारलं दादा यात मिक्सर कुठंय, तर म्हणाला "ताई तो वरच्या कपाटात जाईल ना." वरच्या कपाटाची खोली 12 इंच. 750 वॅटचा मिक्सर, नुसता खालचा मोटरचा भाग चार किलोच्या आसपास, तो मी रोज सकाळी सहा वाजता डोक्याच्या वरून काढायचा, चटणी वाटायची आणि परत चढवायचा? आणि मायक्रोवेव्ह? "तो पण वरती." आमचा 28 लीटरचा मायक्रोवेव्ह मागच्या वायरीसकट 20 इंच खोल आहे, 12 इंचाच्या कपाटातून तो अर्धा बाहेर डोकावला असता बाल्कनीतून बघितल्यासारखा.

त्या रात्री मी सगळी यंत्रं डायनिंग टेबलवर मांडली, टेप घेतली आणि एकेकाची उंची रुंदी खोली लिहून काढली. मुलगा हसत होता. पण हे काम कुठल्याही दुकानात जायच्या आधी करा असं मी आता सगळ्यांना सांगते, कारण ट्रॉलीवाला तुमच्या ओट्याचं माप घेतो, तुमच्या मिक्सरचं कधीच घेत नाही. आणि माप घेताना मिक्सरवर सगळ्यात मोठं भांडं लावून, झाकण लावून घ्या. मी घेतलं होतं, साडेअठरा इंच भरलं, वहीत लिहिलं पण होतं, तरी पुढे जे झालं ते झालंच, सांगते.

अजून एक केलं, वहीत प्रत्येकापुढे लिहिलं की हे खरोखर कितीदा निघतं. मिक्सर दिवसातून दोन-तीनदा. केटल सासूबाईंच्या गरम पाण्यासाठी सतत. ग्राइंडर आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री. ज्युसर दोन वर्षांत एकदाही नाही, तो दुसऱ्या दिवशी नणंदेला दिला. (तिच्याकडे पण आता माळ्यावरच आहे.) आमच्याकडे सरळ हिशोब आहे, जे उचलून काढावं लागतं ते वापरलं जात नाही, एअर फ्रायर वर्षभर खोक्यात पडून होता तो याच कारणाने.

आता एकेक सांगते काय जमलं काय फसलं.

सगळ्यात हौसेने केलं ते रोलिंग शटर. म्हणजे ओट्याच्या कोपऱ्यात, वरच्या कपाटाच्या खाली, दुकानाच्या शटरसारखं छोटं शटर, वर सरकवलं की आत मिक्सर, केटल, टोस्टर तिथंच उभे, प्लग लावलेले, वापरा आणि शटर खाली ओढा, पसारा गायब. व्हिडिओत बघून मी वेडी झाले होते. ओट्यापासून वरच्या कपाटाचा तळ आमच्याकडे 23 इंचावर आहे, मिक्सर साडेअठरा, म्हटलं आरामात. पण ते शटर वर गेल्यावर गुंडाळून बसतं कुठे हा प्रश्न मला पडला नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. त्याची पेटी आत वरच्या बाजूला सात इंच खाते. उरले 16. म्हणजे मोठं भांडं लावलेला मिक्सर आत जातच नाही! मी वही दाखवली तर म्हणतो "ताई, भांडं काढून ठेवायचं ना, बसतंय की." बसतंय, भांडं काढलं की बसतंय. पण एक भांडं धुवायला, एक लावलेलं, हे चाललेलंच असतं सकाळी, त्यामुळे शटर दुपारी दोनपर्यंत उघडंच. ज्यांना करायचंय त्यांनी पेटीची जागा वजा करून आतली मोकळी उंची किती ते लिहून घ्या, किंवा सरळ वर उघडणारा साधा दरवाजा लावा, गॅस पंपवाला, म्हणजे उघडला की दांड्यावर वरच थांबतो तसा, तो स्वस्त पण पडतो आणि जागा खात नाही.

टोस्टर आणि केटल मात्र तिथे एकदम मस्त बसले. केटल आणि एअर फ्रायर चालू करताना पुढे ओट्यावर ओढून घ्यावे लागतात, आत ठेवून चालवायचे नाहीत, केटलची वाफ वरच्या प्लायला लागते आणि एअर फ्रायर मागून गरम हवा फेकतो, त्याला मागे चार-पाच इंच मोकळं लागतं. सासूबाईंनी एकदा आतच केटल लावली होती, शटरच्या पट्ट्यांवर पाणी सुटलं होतं पावसाळ्यातल्या खिडकीसारखं.

आता वीज. हे लाद्या लावायच्या आधी ठरवायचं असतं आणि इथे मी स्वतःची पाठ थोपटते कारण माझा भाऊ वायरमनचं काम करतो, त्याने आधीच दम दिला होता. साधा छोटा सॉकेट असतो 6 अँपिअरचा, आपल्याकडे 230 व्होल्ट, म्हणजे तो फार तर 1380 वॅट घेणार. केटल 1500 वॅट, एअर फ्रायर 1400 च्या वर, कन्व्हेक्शनवर मायक्रोवेव्ह त्याहून जास्त. म्हणजे या तिघांना 16 अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो, आणि त्याला वेगळी जाड वायर मेन बोर्डापासून. ट्रॉलीवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये शटरच्या आत एकच 6 चा सॉकेट होता, एकच! तीन यंत्रांना! आम्ही दोन 16 चे आणि दोन 6 चे घेतले. एक्स्टेंशन बोर्ड ओट्यावर, सिंकपासून दोन फुटांवर, हे प्रकार आधी पाच वर्षं केलेत, आता विचार करून अंगावर काटा येतो.

मायक्रोवेव्हचा पॉइंट त्याच्या बरोबर मागे देत होते, तो पण बदलून शेजारच्या कप्प्यात घेतला, नाहीतर बटण बंद करायला 18 किलोचं धूड पुढे ओढायचं.

तो मायक्रोवेव्ह फ्रिजच्या शेजारच्या उभ्या युनिटमध्ये आहे. ड्रॉइंगमध्ये त्याचा तळ 54 इंचावर होता. आमच्या सासूबाई चार फूट अकरा इंच. उकळत्या डाळीचा बाऊल नाकासमोरून उतरवायचा का त्यांनी? 36 वर आणायला लावला, ओट्याच्या किंचित वर, तर सुतार म्हणे "दिसायला लाईन जाते मॅडम." जाऊ दे लाईन. बाऊल काढून टेकवायला शेजारी हातभर ओटा मोकळा ठेवलाय, ते फार उपयोगाचं ठरलं.

सगळ्यात भारी जमलं ते सगळ्यात साधं, ग्राइंडरचा ओढायचा फळा. ओट्याखाली एक कप्पा, त्यात ट्रॉली नाही, जाळी नाही, फक्त 18 एमएमच्या प्लायचा फळा पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनलवर, म्हणजे ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्यांवर. ग्राइंडर साधारण 11 किलो, त्यात भिजवलेले तांदूळ डाळ पाणी धरा, म्हणून चॅनल 45 किलोवाली घेतली. आता शनिवारी रात्री सासूबाई फळा ओढतात, तिथेच भिजवलेलं घालतात, ग्राइंडर तिथेच घरघरतो, उचलायची भानगडच नाही. सात महिने झाले, फळा एका बाजूला झुकलेला नाही. चॅनल ज्या प्लायला स्क्रू केलीय तो प्लाय मात्र चांगला घ्या, आयएस 303 (हा भारतीय मानकाचा नंबर) चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा तरी, सिंकखाली तर आयएस 710 चा मरीनच. भुशाच्या बोर्डात जड वजनाचे स्क्रू हळूहळू सैल होतात, आधीच्या भाड्याच्या घरात एक अख्खा ड्रॉवर पायावर घेतलाय मी.

मिक्सरच्या भांड्यांना 8 इंचाची स्टीलची प्लेन बास्केट घेतली, शटरच्या बरोबर खाली, वर मोकळी जागा आहे म्हणून मोठं भांडं पण उभं राहतं. त्याने बास्केट 304 स्टीलची म्हणून चुंबक लावून दाखवलं, बघा ताई चिकटत नाही. हे सगळेच दाखवतात. 202 म्हणून स्वस्तातलं स्टील असतं, त्याला पण चुंबक चिकटत नाही हो, त्यावरून काही कळत नाही, बिलावर 304 लिहून घ्या. मी लिहून घेतलं तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरला, पण दिलं लिहून.

कोपऱ्याबद्दल. एल ओट्याचा तो आतला आंधळा कोपरा, तिथे मॅजिक कॉर्नर नावाचा प्रकार घ्या म्हणून फार मागे लागला होता, दार ओढलं की आतल्या जाळ्या आपोआप बाहेर नाचत येतात. बघायला सर्कस आहे. किंमत ऐकून नवऱ्याने चहा खाली ठेवला. नाही घेतला, तिथे दोन साधे फळे टाकले आणि वर्षातून एक-दोनदा निघणारं सगळं आत ढकललं: मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र, ढोकळ्याचा मोठा स्टँड. गौरीच्या आदल्या दिवशी एकदा गुडघ्यावर बसायचं, चालतंय. या पैशात ग्राइंडरच्या फळ्यासारखे चार फळे झाले असते.

घरघंटी किचनमध्ये बसवायचा हट्ट होता माझा, खालची पट्टी काढून चाकांवर आत सरकवायची असं ठरलं होतं पण 22 इंचाची अख्खी जागा गेली असती आणि पीठ उडतंच कितीही म्हटलं तरी. ड्राय बाल्कनीत गेली. बरं झालं.

आता तक्रार. गॅसच्या शेजारच्या वरच्या कपाटाचं शटर, त्याची खालची कड चौथ्या महिन्यातच फुगली. कुकरची शिट्टी बरोबर तिथे उडते. कडेची पट्टी पातळ मारली होती, जाड 2 एमएमची ठरली होती, बाकी शटरना जाड आहे आणि नेमकी याच एकाला पातळ, संपली असेल त्या दिवशी. फोन केला की "ताई माणूस गावाला गेलाय." माणूस डिसेंबरपासून गावालाच आहे.

काम करणारी पोरं मात्र छान होती, रोज झाडून जायची, आणि ग्राइंडरचा फळा कुठल्या उंचीवर हवा ते त्यांनी सासूबाईंना उभं करून ठरवलं, त्यासाठी एक स्टार जास्त. एकूण साडेतीन. पैशाचं म्हणाल तर ठरलेल्यापेक्षा 14 हजार वर गेले, त्यातले बरेचसे रोलिंग शटरचे, म्हणजे माझेच.

गेल्या रविवारी स्वतः मालक आला, शटर बदलायला आला असेल म्हणून मी चहा टाकला, तर त्याला फोटो हवे होते, नवीन गिऱ्हाइकांना दाखवायला. मी आमरसाला हँड ब्लेंडर काढला होता, ओट्यावर आंब्याची सालं, मिक्सर नेहमीसारखा बाहेर, भांडं लावलेला. त्याने अगदी प्रेमाने मिक्सर उचलला, डायनिंग टेबलवर नेऊन ठेवला, रोलिंग शटर खाली ओढलं, ओटा पुसला, आणि मग इकडे तिकडे बघून विचारलं, "ताई, घरात सफरचंदं आहेत का थोडी?"