'आवाज'चे जुने दिवाळी अंक घेताना : आधी खिडकी तपासा, मग पैसे द्या

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी 'आवाज'च्या जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा घेतला. १९५१ ते १९६५, पंधरा अंक, बावीस हजार रुपये, त्यातले दहा हजार आगाऊ. विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त मुखपृष्ठांचे फोटो पाठवले होते. "डिचोलीतलं जुनं घर विकायला काढलंय, संध्याकाळपर्यंत कळवा, मुंबईचा माणूस उचलायला तयार आहे," अशी घाई लावली होती. गठ्ठा बसच्या पार्सलने आला, उरलेले पैसे पार्सल सुटण्याआधी गेले, आणि उघडून बघितलं तर धड अंक निघाले चार. बाकीच्या अकरांची पानं आम्ही संग्राहक मंडळींनी एकेक करून तपासली. तसाच माल म्हापशात आणि मडगावातही दाखवला जातोय, म्हणून तपासणीत काय सापडलं ते सविस्तर लिहितो आहोत.

मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या या विनोदी वार्षिकाची खरी ओळख म्हणजे खिडकीचित्रं. पानाला खिडकी कापलेली असते, तिच्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसतो आणि वाचणाऱ्याच्या मनात भलतंच काहीतरी येतं. पान उलटलं की तोच तुकडा एका साध्या, निरुपद्रवी चित्राचा भाग असल्याचं कळतं. वसंत हळबे, चंद्रशेखर पत्की, ज्ञानेश सोनार अशा चित्रकारांची ही करामत छापखान्याच्या अचूकपणावर उभी होती. अंकातली सगळ्यात आधी फाटणारी, सगळ्यात जास्त हाताळली जाणारी पानंही हीच. वाचनालयातून घरोघरी फिरलेल्या अंकात ती बहुधा नसतातच. म्हणून जुन्या अंकाची किंमत या पानांवर ठरते, आणि फसवणूकही बरोबर इथेच होते.

या गठ्ठ्यात सहा अंकांतली खिडकीची पानं स्कॅन करून नव्याने छापलेली होती. ओळखायचं कसं? डायने (कापायच्या साच्याने) कापलेल्या खिडकीचे कोपरे नेमके जिथे संपायला हवेत तिथेच संपतात, आणि कडेवरून बोट फिरवलं की एका बाजूला कागद किंचित दबल्यासारखा लागतो. ब्लेडने कापलेल्या खिडकीत कोपऱ्यापाशी चीर पुढे गेलेली असते. केसाएवढीच असते, पण पान उजेडासमोर धरलं की दिसते. त्यानंतर खिडकीतलं चित्र मागच्या पानाशी जुळतं का ते पाहा. जुन्या छपाईतही अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे व्हायचं, पण ते सगळ्या बाजूंनी सारखं असायचं. स्कॅन करून छापलेलं पान दोन-तीन टक्के लहान निघालं असेल तर डाव्या कडेला रेषा जुळते आणि उजवीकडे जाता जाता चूक वाढत जाते. हा फरक लपवता येत नाही.

मग भिंग. घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं पुरतं. जुन्या ब्लॉकच्या (धातूच्या ठशांच्या) छपाईत हास्यचित्राची काळी रेषा सलग काळी असते, आणि पानाच्या मागच्या बाजूला अक्षरांचा दाब हाताला जाणवतो. रंगीत प्रिंटरवर छापलेल्या रेषेच्या कडेला निळे, लाल, पिवळे कण विखुरलेले दिसतात. लेझर प्रिंट असेल तर काळा भाग तिरप्या उजेडात चकाकतो. नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची बॅटरी जवळ असेल तर काम आणखी सोपं होतं. त्या काळच्या वृत्तपत्री कागदाची पानं तिच्याखाली मंद दिसतात. झेरॉक्सचा आजचा कागद निळसर पांढरा चमकतो. आजूबाजूची पानं मंद आणि मधलं एकच पान झगझगीत, एवढं दिसलं की तो अंक तिथेच खाली ठेवावा.

बनवाबनवी लपवण्यासाठी पानं चहाच्या पाण्यात बुडवलेली होती. कागद खरोखर जुना होतो तो कडेकडून आत, कारण हवा आणि उजेड कडेलाच लागतो. मध्यापर्यंत सारखाच तपकिरी किंवा पाण्याच्या ओघळासारखी रेघ असलेला रंग संशयास्पद समजावा. गोव्याच्या दमट हवेत आणखी एक हुकमी खूण मिळते ती शिवणीच्या तारेची. इथल्या घरात चार-पाच दशकं पडून राहिलेल्या अंकाची तार गंजल्याशिवाय राहत नाही, आणि त्या गंजाचा डाग शेजारच्या पानांवर उतरतो. तार चकचकीत आणि कागदावर मात्र गंजाचा डाग, किंवा तारेशेजारी रिकामी जुनी भोकं, याचा अर्थ अंक उसवून पुन्हा शिवला आहे. पाठीचा गोंदही बघा. जुना सरस तपकिरी होतो, कडक होऊन तडकतो. पांढुरका, वाकणारा गोंद नवा असतो. चांगल्या अंकाची प्रामाणिकपणे केलेली दुरुस्तीही अशीच दिसू शकते. फरक एवढाच की प्रामाणिक विक्रेता ती आधी सांगतो.

उरलेल्या पाच अंकांत एका वर्षाचं मुखपृष्ठ दुसऱ्याच वर्षाच्या पानांना चिकटवलेलं होतं. इथे जाहिराती मदतीला येतात. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्यामुळे १९५६ च्या म्हणून दिलेल्या अंकात साबणाची किंवा केसांच्या तेलाची किंमत 'नये पैसे' अशी छापलेली असेल, तर आतला मजकूर नंतरचा आहे. 'नये' हा शब्द १ जून १९६४ पासून गेला. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधीच्या जाहिरातीत पत्ता 'मुंबई ४' असा असतो, 'मुंबई ४०० ००४' असा नाही. या गठ्ठ्यातल्या '१९६३'च्या अंकात सहा आकडी पिनकोडच्या तीन जाहिराती निघाल्या. मुद्रक-प्रकाशकाची ओळही शोधावी. १८६७ च्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण देणं बंधनकारक होतं, त्यामुळे ती ओळ नसेल तर एखादं पान गेलेलं आहे असं धरून चालावं.

गोव्यात या धंद्याला एक खास कहाणी जोडली जाते, आणि आम्हाला सर्वांत जास्त चीड त्याचीच आहे. "हा अंक पोर्तुगीज काळात सीमेवरून लपवून आणलेला," असं सांगून दुप्पट भाव लावतात आणि पुराव्यादाखल आतल्या पानावर जुन्या दुकानाचा जांभळा शिक्का दाखवतात. १९५५ नंतर सीमा आवळल्या गेल्या होत्या आणि मराठी वाचणाऱ्या माणसांनी इथे छापील मजकुरासाठी खरोखर हाल सोसले, म्हणूनच ही कहाणी मनाला भिडते. पण शिक्काही तपासता येतो. या गठ्ठ्यातल्या १९५६ च्या अंकावर किंमत एस्कुदांत, म्हणजे पोर्तुगीज चलनात, मारलेली होती. गोव्यात एस्कुद १९५८-५९ मध्ये आला. त्याआधी रुपिया आणि टांगा चालत. दुसऱ्या एका शिक्क्यात 'उत्तर गोवा जिल्हा' होतं, आणि जिल्हे झाले १९८७ साली. शिक्क्याची शाई कागदात मुरून मागच्या बाजूला पुसट उमटली आहे का, तेही पाहावं. वाचनालयाचा खरा शिक्का असेल तर सोबत 'रद्द' असा शिक्का हवा. तो नसेल तर अंक चोरीचाही असू शकतो.

'मॅड' या अमेरिकेतल्या इंग्रजी विनोदी नियतकालिकाचे अंक किनाऱ्यावरच्या बाजारांत पर्यटकांच्या पुस्तकांबरोबर येतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. 'अंक १' एवढंच ऐकून पैसे काढू नका. मूळ पहिला अंक १९५२ चा आणि दहा सेंट किमतीचा आहे. २०१८ मध्ये त्यांनी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केले. मागच्या पुठ्ठ्याची आतली बाजू घडी घालून चित्र बदलणारं पान १९६४ पासून आहे. त्यावर घडीच्या खुणा असतील तर 'न वापरलेला' हा दावा तिथेच संपतो.

एवढ्या तपशिलात शिरण्याचं कारण पैशांपलीकडचं आहे. एकाचं मुखपृष्ठ दुसऱ्याला चिकटवलेला असा एक अंक तयार करायला दोन खरे अंक उसवावे लागतात. एकाचं मुखपृष्ठ जातं, दुसऱ्याची पानं जातात, आणि उरलेले तुकडे रद्दीत. अशा पाच अंकांमागे किती अंक कायमचे गेले ते कोणालाच कळणार नाही.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर पूर्ण अंक उलटून दाखवायला सांगा: मुद्रकाची ओळ, अनुक्रमणिका, प्रत्येक खिडकी पुढून आणि मागून, मधल्या तारा, मलपृष्ठ. पृष्ठक्रमांक सलग आहेत का ते मोठ्याने वाचून घ्या. शक्य असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी समोरासमोर भेट ठरवा. खरा माल असलेला माणूस त्याला नकार देत नाही. पैसे 'परत करण्यासाठी' क्यूआर कोड पाठवला तर तो स्कॅन करू नका. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

आगाऊ रक्कम ऑनलाइन गेली असेल तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आहे. चॅट पुसू नका, पार्सलची पावती आणि वेष्टन जपून ठेवा. "अंक परत पाठवा, पैसे देतो" असा निरोप आला तर प्रत्येक पानाचे फोटो काढल्याशिवाय आणि तक्रार दाखल झाल्याशिवाय एकही अंक हातातून सोडू नका, कारण तोच माल दुसऱ्या गावात पुन्हा विकायला निघतो. फोंड्याच्या शिक्षकांना असा निरोप आला होता. अंक त्यांनी दिलेले नाहीत. तक्रारीला जोडायची पानवार यादी आम्ही त्यांना करून दिली आहे.