जुनं कटर आणि बिनस्क्रूचं कटर: आठ महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला नवं चेनसॉ, म्हणजे झाडं तोडायचं साखळीचं कटर, घेतलं. आता मिरग लागलाय, तोड बंद आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

दापोली तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. शिवाय मी आणि माझा चुलतभाऊ आजूबाजूच्या बागांतली छाटणी, तोड घेतो. जुनं मशीन 2008 सालचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ झालं, त्यानंतरचे अडीच महिने ते रोज चाललं. आडवे झालेले माड, पोफळी, फणस, घरांवर पडलेले आंबे, सगळं त्यानेच मोकळं केलं. त्यामुळे त्याच्याबद्दल मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगतो.

दोन्ही मशीन एकाच कंपनीची, 50 सीसी गटातली. नाव घेत नाही, घेतलं की मूळ विषय बाजूला राहून भांडण सुरू होतं. अंदाज यावा म्हणून एवढंच, की स्टिल कंपनीच्या 260 मॉडेलवरून 261 सी-एम वर जाणं किंवा हुस्कवर्नाच्या 372 वरून 572 वर जाणं, तशातलीच ही उडी. 260 आणि 261 दोन्ही 50.2 सीसी, पण पहिल्याची ताकद 2.6 किलोवॅट आणि दुसऱ्याची 3. इंजिन तेवढंच, मग आत बदललं काय?

जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं तेव्हा धूर बाहेर जाण्याची वाटही उघडीच असते. त्यामुळे काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. नव्या इंजिनात आधी नुसती हवा आत घुसते, ती धुराला ढकलते आणि पेट्रोल तिच्यामागून येतं. वाया गेली तर हवाच जाते. आमचा हिशोब साधा आहे: जुन्यावर एका टाकीत फणसाचे सात-आठ ओंडके व्हायचे, नव्यावर दहा होतात. धूर तर इतका कमी की संध्याकाळी सदऱ्याला वास येत नाही. घरच्यांना कटरमधली एवढी एकच सुधारणा कळली.

बारच्या, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीच्या, नटाबद्दल मात्र मी नव्याला पैकीच्या पैकी मार्क देतो. जुन्याचे नट सुटे. साखळी बसवताना एक निसटला की पातेऱ्यात दोघांनी गुडघ्यावर बसून अर्धा तास शोधायचा. नव्याचे नट कव्हरलाच अडकून राहतात. मे महिन्याच्या उन्हात पेट्रोल भरून झाल्यावर जुनं मशीन पाच-सहा दोऱ्या ओढायला लावायचं, नवं दुसऱ्या दोरीला उठतं. हाताला मुंग्याही कमी येतात, कारण हँडलखाली रबराऐवजी स्प्रिंगा आहेत.

माडाला मात्र जुनंच बरं. माडाचा काथ्या साखळीबरोबर आत ओढला जातो. नव्याच्या कव्हरमधून भुसा पडायची वाट अरुंद, ती दर दहा मिनिटांनी तुंबते.

आता खरा मुद्दा. जुन्या कार्बोरेटरला पेट्रोल कमी-जास्त करायचे दोन स्क्रू, एच (फुल रेससाठी) आणि एल (कमी रेससाठी). फुल रेस दिल्यावर मशीन किंचित अडखळत, भरड आवाजात चाललं पाहिजे आणि लाकडात घातल्यावर आवाज साफ झाला पाहिजे. बाहेरच साफ, तार लागल्यासारखा चढा आवाज आला तर समजायचं की पेट्रोल कमी पडतंय. तसंच दामटलं तर पिस्टन जाम. हे मला वडिलांनी कानाने शिकवलं. नव्यात स्क्रूच नाहीत. आतल्या छोट्या कॉम्प्युटरच्या हुकमावर, चुंबकावर चालणारा छोटा व्हॉल्व्ह पेट्रोल कमी-जास्त करतो. त्याला बॅटरीही लागत नाही, फ्लायव्हीलवर तयार होणाऱ्या विजेवर त्याचं भागतं. सकाळचा गारठा, दुपारचं ऊन, निम्मा तुंबलेला एअर फिल्टर, सगळं तो सांभाळून घेतो.

फाल्गुनात एका जुन्या आंब्याच्या बुंध्यात साखळी असताना हे मशीन एकदम बसलं. आदल्या दिवशीपर्यंत तक्रार नाही. तालुक्याच्या मिस्त्रीने कव्हर उघडलं, मला विचारलं, "स्क्रू कुठंय?" आणि कव्हर परत लावून दिलं. आठवडाभर आम्ही त्या कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. शेवटी चुलतभावाने टाकीत तार घालून आतला पेट्रोल फिल्टर ओढून काढला. त्यावर शेवाळासारखा बुळबुळीत थर. चूक माझी. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्यात तेल मिसळून दोन महिने कॅनमध्ये ठेवलेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी खाली बसतं. फिल्टर शंभर-दीडशे रुपयांचा.

जुनं मशीन असतं तर दोन दिवस आधीच आवाज चढला असता आणि मी थांबलो असतो. नवं मशीन गुपचूप पेट्रोल वाढवत राहिलं, वाढवायला काही उरलं नाही तेव्हाच बसलं.

तेव्हापासून पाच लिटरला 100 मिली तेल असं एकदम कालवणं बंद. दोन दिवस पुरेल एवढंच करतो. एअर फिल्टर रोज काढून बघतो, मशीनने मागितला नाही तरी. आणि कानस दोघांनाही सारखीच लागते: टाकी संपली की 4.8 मिलिमीटरची गोल कानस, 30 अंशात, प्रत्येक दाताला दोन-तीन हात. बोथट साखळीचं नवं मशीन धारेच्या जुन्यापुढे टिकत नाही, हे आम्ही एकाच ओंडक्यावर दोन्ही लावून पाहिलंय.

आंबा, आकेशियाला नवं नेतो. माड असला की चुलतभाऊ न विचारता जुनं गाडीत टाकतो. काल त्याने जुन्याच्या कार्बोरेटरमधले पातळ पडदे बदलले आणि अंगणात उभा राहून एचचा स्क्रू फिरवत बसला होता, डोळे मिटून.