बॅटरी चांगली होती, तरी बदलायला लावली

जुनी छोटी मोटार वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचा. माझ्या गळ्यात जे मारलं गेलं, ते कुणाच्याही गळ्यात सहज मारता येतं.

गाडीची बॅटरी सारखी उतरायची. सेल्फ मारला की नुसती टकटक. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून लोड टेस्टरचे (बॅटरीवर भार टाकून तपासणाऱ्या मीटरचे) चिमटे लावले. काटा धपकन खाली आला आणि त्याने निकाल दिला, "मॅडम, सेल गेलाय. बॅटरी बदलावी लागेल."

फसवणूक सुरू झाली ती इथेच. उतरलेली बॅटरी लोड टेस्टमध्ये नापास होणारच, मग ती कितीही चांगली असो. आधी ती पूर्ण चार्ज करायची, काही तास तशीच ठेवायची, टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते का ते बघायचं आणि मगच लोड द्यायचा. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की रिकामीच समजायची. भरलेल्या बॅटरीवर तिच्या क्रँकिंग अँपिअरच्या (इंजिन सुरू करताना ती देऊ शकते त्या करंटच्या) निम्मा लोड १५ सेकंद दिला आणि ती ९.६ व्होल्टच्या खाली गेली, तर ती खरंच संपली. गॅरेजवाल्याला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही. चार्जर त्याच्या भिंतीवरच टांगलेला होता.

नवी बॅटरी बसवून जुनी त्याने स्वतःकडे ठेवून घेतली. आतल्या शिशामुळे जुन्या बॅटरीला भंगारातही किंमत असते, हे लक्षात असू द्या.

थोड्याच दिवसांत पुन्हा तीच टकटक. या वेळी तो म्हणाला, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) गेलाय. इंजिन चालू ठेवून त्याने बॅटरीला मीटर लावून दाखवला: १२.४. चालू इंजिनवर तिथे १३.८ ते १४.५ यायला हवेत, म्हणजे चार्जिंग पोचत नव्हतं हे खरं. पण ते का पोचत नाही, हे त्याने बघितलंच नाही. 'दुसरा' अल्टरनेटर बसवून पैसे घेतले आणि दुखणं होतं तिथेच राहिलं.

शेवटी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्या काकांनी इंजिन चालू ठेवून आधी बॅटरी मोजली, मग मीटरची लाल पिन थेट अल्टरनेटरच्या जाड बोल्टला, म्हणजे वीज बाहेर पडते तिथे, टेकवली. तिथे १४.३! मग एक पिन त्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावली, तर मीटरवर जवळजवळ दोन व्होल्ट. या दोन्हींमधली तार धड असेल तर इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. त्यांनी लगवरची (त्या तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवरची) प्लॅस्टिकची नळी मागे सरकवली. आत हिरवी भुकटी साचलेली, बोट लावलं तर तांब्याचे तंतू तुटून हातात आले. अल्टरनेटर वीज तयार करत होता म्हणून डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझलेला असायचा. वीज वाटेतच अडत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, तेही दोनदा.

आणि तो 'दुसरा' अल्टरनेटर? काकांनी नखाने खरवडला तसा ताजा रंग निघाला. माझ्या अल्टरनेटरच्या जाळीची एक पट्टी आधीपासून तुटलेली होती. याचीही नेमकी तीच पट्टी तुटलेली. माझाच होता तो, रंगवून परत दिलेला. जाब विचारायला गेले, तर गॅरेजवाल्याने सरळ हात झटकले. जुनी बॅटरी मागितली, तर ती केव्हाच गेली म्हणाला.

म्हणून गाडी देण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरवर मार्करने खूण करा, फोटो काढा. बंद गाडीचं, सेल्फ मारतानाचं आणि चालू इंजिनचं, असं तिन्ही वेळचं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला लावा आणि बिलावर लिहून घ्या. अल्टरनेटर गेला म्हणाले तर त्याच्या बोल्टवरचा आकडाही मागा. निगेटिव्हची बाजूही सोडू नका: सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनचा धातू यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब आहे. काढलेला भाग आपल्या ताब्यात घ्या.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "चार्जिंग बघतो" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबवा. तार सुटताच व्होल्टेज एकदम उसळतं, त्यात अल्टरनेटरचे डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जळू शकतात आणि धडधाकट अल्टरनेटर खरोखरच बदलायची वेळ येते.